लेडी रसेलचा सल्ला आणि ॲनची आठ वर्षं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जेन ऑस्टेनची ‘पर्स्वेजन’ तुम्ही नुकतीच वाचलीत. त्यात एकोणीस वर्षांची ॲन एलियट एका तरुण नौदल अधिकाऱ्याशी ठरलेलं लग्न मोडते, कारण वडिलांना ती सोयरीक कमीपणाची वाटते आणि आईच्या जागी असलेली लेडी रसेल तिला ‘नको’ म्हणून समजावते. आठ वर्षांनी तोच फ्रेडरिक वेंटवर्थ श्रीमंत कॅप्टन होऊन परततो, बऱ्याच घालमेलीनंतर दोघं एकत्र येतात, आणि शेवटाकडे ॲन त्याला सांगते की तेव्हा मी ऐकलं हे बरोबरच होतं. या वाक्यावर तुम्ही चिडून पुस्तक मिटलंत. ॲन दुबळी आहे का, मुलींनी मोठ्यांचं मुकाट ऐकावं असंच लेखिकेला म्हणायचंय का, आणि प्रेमकथेत पौंडांचे इतके आकडे कशासाठी, हे तुम्हाला विचारायचं आहे.

ही कादंबरी मी तीस वर्षं बी.ए. आणि एम.ए.च्या वर्गांना शिकवली. तुमचा राग माझ्या ओळखीचा आहे. दर वर्षी एखादी मुलगी त्या पानावर बोट ठेवून हेच विचारायची, आणि ज्या वर्षी कुणीच विचारलं नाही त्या वर्षी वर्गाने पुस्तक नीट वाचलं नसावं असं मला वाटायचं. सल्ला चांगला होता की वाईट, तो ऐकणं योग्य होतं की अयोग्य, आणि आठ वर्षं हातची गेली ती कुणामुळे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ॲन ते वेगळे ठेवते. वाचताना आपण त्यांची गाठ मारतो. ती गाठ सोडवायची तर सुरुवात पैशापासून करायला हवी, म्हणून तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते.

ऑस्टेनच्या आकड्यांत मुलांचा नेहमी एक गोंधळ होतो. काही आकडे वर्षाच्या उत्पन्नाचे असतात, काही एकरकमी भांडवलाचे. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या डार्सीचे दहा हजार हे दर वर्षाचे आहेत. वेंटवर्थचे पंचवीस हजार ही एकूण पुंजी आहे. त्या काळी सरकारी रोख्यांत पैसे ठेवले की साधारण चार-पाच टक्के सुटत, म्हणजे वेंटवर्थला वर्षाला हजार ते साडेबाराशे पौंड मिळणार. सुखवस्तू घर चालवायला, घोडागाडी ठेवायला ते पुरेसे होते. खालची बाजू पाहायची तर ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मधली एलिनोर आणि एडवर्ड आठवा. वर्षाला साडेतीनशे पौंडांत सुखाने भागेल असं मानण्याइतके ते दोघं प्रेमात बुडालेले नव्हते, असं लेखिका सरळ लिहून टाकते. हा सरळपणा मला फार आवडतो. तिच्या जगात मध्यमवर्गीय मुलीला नोकरी नाही, मिळाली तर गव्हर्नेसची, म्हणजे श्रीमंतांच्या घरी राहून मुलांना शिकवण्याची. जमीन बहुधा भावाला किंवा दूरच्या चुलत्याला जाते. लग्न हाच तिच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो. तिथे आकडे लपवणं हे खोटं लिहिणं झालं असतं.

आता १८०६ चा उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. सॉमरसेट परगण्यातला केलिंच हॉल, एलियटांचा वाडा. ॲनचे वडील सर वॉल्टर हे बॅरोनेट, म्हणजे ‘सर’ हा किताब वंशपरंपरेने चालत आलेले; अशा बॅरोनेटांच्या यादीचं एक जाडजूड पुस्तक आहे, त्यातलं स्वतःचं पान ते पुन्हा पुन्हा वाचतात. शहाणी बायको होती तोवर खर्च आवाक्यात होता. १८०० मध्ये ती गेली आणि कर्ज चढत गेलं. इस्टेट वंशपरंपरेच्या अटीने बांधलेली, तिच्यावर मुलींचा हक्क नाही. जो थोडा तुकडा त्यांच्या हातात होता तोही गहाण पडत गेला, कारण विकणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. मुलींच्या नावाने दहा हजारांची रक्कम लावलेली आहे, पण ती पुढे कधीतरी मिळायची. मूळ वाक्य असं आहे की ‘दहा हजारांतला वाटा’ असाही अर्थ निघतो, आणि बहुतेक जाणकार तो तिघी बहिणींत वाटायचा असं धरतात. मीही तसंच शिकवलं. आपल्याकडचा हुंडा इथे डोक्यात आणू नका. ही रक्कम सहसा आईवडिलांच्या लग्नाच्या वेळीच करारात लिहून ठेवत, आणि मुलीचं लग्न झालं तरी बापाला ती लगेच मोकळी करणं जमेलच असं नव्हतं.

समोर वेंटवर्थ. तेवीस वर्षांचा. फ्रेंचांविरुद्धच्या सॅन डोमिंगोच्या लढाईत नाव काढल्याने कमांडरपदी बढती मिळालेली, पण हाताखाली जहाज नाही, म्हणून मंकफर्ड गावात उपपाद्री असलेल्या भावाकडे येऊन राहिलेला. मिळवलेलं सगळं उडवून बसलेला. जवळ फक्त खात्री, की आपलं नशीब फळफळणार आहे. ही खात्री कशावर उभी होती, हे कळायला नौदलातल्या लुटीच्या वाटणीचा नियम माहीत हवा. शत्रूचं जहाज पकडलं की ते विकून आलेल्या पैशाचे आठ भाग करत. १८०८ पर्यंतच्या नियमाने त्यातले तीन कॅप्टनला मिळत. तो ॲडमिरलच्या हुकमाखाली असेल तर तिनातला एक ॲडमिरलला जाई. शेकडो खलाशी मिळून दोन भागांत भागवत. म्हणजे चांगलं जहाज आणि दोन-तीन चांगली शिकार मिळाली तर विशीतला माणूस जमीनदाराच्या तोडीचा होऊ शकत होता. जहाजच मिळालं नाही तर अर्ध्या पगारावर किनाऱ्यावर बसून राहायचं. आणि तिसरी शक्यता समुद्राच्या तळाची.

ही तिसरी शक्यता लेखिका विसरू देत नाही, आणि माझ्या मते ‘ॲन दुबळी होती’ म्हणणारे नेमकी हीच जागा घाईने ओलांडतात. आठव्या प्रकरणात, अप्परक्रॉस गावी ॲनच्या धाकट्या बहिणीच्या सासरी, मसग्रोव्हांच्या दिवाणखान्यात, वेंटवर्थ आपल्या पहिल्या जहाजाची, ‘ॲस्प’ची गोष्ट सांगतो. जुनाट, कामातून गेलेली स्लूप, म्हणजे लहान युद्धनौका. तिच्यावरून त्याने फ्रेंच फ्रिगेट, म्हणजे तिच्याहून मोठी युद्धनौका पकडली आणि ती घेऊन प्लिमथला पोचला. पोचून सहा तास होत नाहीत तोच वादळ उठलं, चार दिवस चार रात्री चाललं. थोडा उशीर झाला असता तर ‘ॲस्प’ बुडाली असती आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात शूर कॅप्टन वेंटवर्थबद्दल चार ओळी आल्या असत्या, असं तो हसत सांगतो. मसग्रोव्हांच्या मुली घाबरून, हळहळून मोठ्याने उद्गार काढतात. ॲनच्या अंगावर आलेला काटा तेवढा तिचा तिलाच कळतो. लग्न मोडल्यानंतरच्या काळातली ही गोष्ट आहे. त्या सहा तासांचा फरक पडला असता तर लेडी रसेल दूरदर्शी ठरली असती आणि आज आपण तिच्यावर चिडलो नसतो.

तेव्हा पैसा म्हणजे या कादंबरीत श्रीमंतीची हाव असं वाचू नका. पैसा म्हणजे खात्री. खरं भांडण आहे ते एका मुलीने किती अनिश्चितता अंगावर घ्यावी आणि ते ठरवायचं कुणी, यावर.

आता घरच्यांच्या विरोधाकडे येते. तुम्ही प्रश्नात ‘वडील आणि लेडी रसेल’ असं एका दमात लिहिलंय. ते दोन विरोध अगदी निराळ्या जातीचे आहेत.

सर वॉल्टर नाही म्हणत नाहीत. चौथं प्रकरण पुन्हा काढून पाहा. संमती नाकारली असं तिथे कुठेही नाही. त्यांनी आश्चर्य दाखवलं, गारठा दाखवला, मौन धरलं, आणि मुलीसाठी मी काहीही करणार नाही एवढं सांगून टाकलं. हा नकार आपल्या घरांनाही चांगला ठाऊक आहे. ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून पेपरात डोकं घालणारा बाप. तो भांडत नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडताही येत नाही. कायद्याचं म्हणाल तर १७५३ च्या विवाह कायद्यानुसार एकवीस पूर्ण होण्याआधी परवाना काढून लग्न करायचं असेल तर बापाची संमती लागे, आणि चर्चमध्ये जाहीर पुकारा करून करायचं तर बाप उठून हरकत घेऊ शकत असे. ॲन एकोणीसची होती, म्हणजे हे हत्यार सर वॉल्टर यांच्या हातात होतं. त्यांनी ते उचललंसुद्धा नाही. मुलीच्या आयुष्यात तेवढं लक्ष घालण्याइतकी ती त्यांना महत्त्वाची नव्हती, आणि मला वाटतं हे नकारापेक्षाही जास्त लागणारं आहे.

वडिलांच्या या गारठ्याला ॲन तोंड देऊ शकली असती, असं लेखिका स्पष्ट म्हणते. थोरली बहीण एलिझाबेथ एक गोड शब्द बोलली नाही, तरीही. ती मोडली ती लेडी रसेलपुढे, आणि मोडली ते लेडी रसेल प्रेमळ होती म्हणून. तेरा-चौदाव्या वर्षी आई गेलेल्या मुलीला घरात माणूस म्हणून वागवणारी ती एकटी. ती रागावली असती तर ॲन कदाचित ठाम राहिली असती. ती पुन्हा पुन्हा, मायेने, न थकता समजावत राहिली. ‘मन वळवणं’ या आपल्या शब्दात जो हळुवारपणा आहे, तो इंग्रजी शीर्षकातही आहे. धाकाने कुणी कुणाचं मन वळवत नाही.

लेडी रसेलच्या सल्ल्यात मात्र सगळी मायाच होती असं नाही. खानदान आणि मानमरातब यांचं तिला आकर्षण आहे, त्याने तिची नजर थोडी अधू होते. शिवाय वेंटवर्थचा स्वभावच तिला रुचला नाही. त्याची हजरजबाबी वृत्ती, त्याचा बेफिकीर विश्वास यांत तिला धोका दिसला. भीती रास्त, तिच्यात पूर्वग्रह मिसळलेला, आणि दोन्ही प्रेमाच्या आवाजात बोललेलं. असा सल्ला ऐकणाऱ्याला त्यातले धागे वेगळे काढता येत नाहीत, एकोणिसाव्या वर्षी तर नाहीच. लेखिका पुढे तिची परीक्षा आणखी दोनदा घेते. बाविसाव्या वर्षी चार्ल्स मसग्रोव्ह ॲनला मागणी घालतो. शेजारच्या जमीनदाराचा थोरला मुलगा, लेडी रसेलच्या मते उत्तम स्थळ. ॲन त्याला नकार देते, आणि या वेळी ती सल्ल्याला जागाच ठेवत नाही. मग बाथ शहरात इस्टेटीचा वारस मिस्टर एलियट येतो, गोड बोलणारा, रीतीभाती सांभाळणारा. ॲन आपल्या आईच्या जागी लेडी एलियट म्हणून केलिंचमध्ये परतेल, या कल्पनेने लेडी रसेल हरखते, आणि तो माणूस आतून किती निर्दयी आहे हे तिला कळत नाही. म्हणजे ॲनला दुबळी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की एका सल्ल्याने एवढं पोळल्यावर पुढच्या दोन्ही वेळी ती आपल्या बुद्धीने चालली, आणि लेडी रसेलवरची माया तिने कमी होऊ दिली नाही.

आणखी एक कारण आहे, तुम्ही ते नजरेआड केलंय. वेंटवर्थला सोडताना ॲनला वाटत होतं की हे त्याच्या भल्याचं आहे. हातात काही नसलेल्या तरुणाच्या गळ्यात वाङ्निश्चयाचं ओझं नको. तसं वाटलं नसतं तर ती त्याला सोडूच शकली नसती. वेंटवर्थला हे कधी कळलं नाही. त्याच्या लेखी ती दुसऱ्याच्या शब्दावर डुलणारी मुलगी ठरली, आणि त्याच रागात तो आठ वर्षांनी चार्ल्सची बहीण लुइझा मसग्रोव्ह हिच्यापुढे कणखरपणाचे गोडवे गातो, टणक कवचाचं हेझलनट हातात धरून. त्या कणखरपणाचं काय होतं ते लाइम या समुद्राकाठच्या गावातल्या धक्क्यावर दिसतं: लुइझा हट्टाने दुसऱ्यांदा उडी मारते आणि दगडावर आपटून बेशुद्ध होते. त्या गोंधळात डोकं शांत ठेवून हुकूम सोडते ती ॲन.

लांबलेल्या वाङ्निश्चयाची भीती ऑस्टेनने कुठून आणली हे पाहायला तिच्या घराबाहेर जावं लागत नाही. थोरली बहीण कॅसँड्रा हिचं लग्न टॉम फाउल या तरुण पाद्र्याशी ठरलं होतं. लग्न करण्याएवढी ऐपत नव्हती म्हणून दोघं थांबले. तो लॉर्ड क्रेव्हनबरोबर लष्करी धर्मगुरू म्हणून वेस्ट इंडीजला गेला आणि १७९७ मध्ये पीतज्वराने तिथेच वारला. जाताना कॅसँड्राच्या नावे हजार पौंड ठेवून गेला. तिने पुढे कधीच लग्न केलं नाही. उलट उदाहरणही घरातच होतं. भाऊ फ्रान्सिस नौदलात कॅप्टन. ट्रफाल्गरची लढाई हुकल्याची हळहळ त्याने आपल्या वाग्दत्त वधूला पत्रातून कळवली, मग फेब्रुवारी १८०६ मध्ये सॅन डोमिंगोच्या लढाईत तो ‘कॅनोपस’ जहाजावर होता, आणि परतल्यावर जुलैमध्ये त्याने तिच्याशी लग्न केलं. तोच उन्हाळा, तीच लढाई. कादंबरीतलं लग्न मोडतं त्याच महिन्यांत लेखिकेच्या भावाचं लग्न लागत होतं. या तारखा तिने सहज टाकल्या असतील असं मला वाटत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मी वर्गात सर्वांत जास्त वेळ घेऊन सांगायची. नोव्हेंबर १८१४ मध्ये ऑस्टेनची भाची फॅनी नाइट एकवीस वर्षांची होती आणि जॉन प्लम्प्ट्री या तरुणाशी लग्न करावं की नाही या पेचात होती. तिने आत्याला विचारलं. आत्याची दोन उत्तरं आज उपलब्ध आहेत. पहिल्यात ती मुलाचे गुण मोजते, आणि शेवटी बजावते की प्रेमाशिवाय लग्न करण्यापेक्षा काहीही पत्करलेलं बरं. बारा दिवसांनी लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सूर बदलतो. तो स्वतःच्या पायावर उभा राहायला वर्षं लागतील. तुला तो लग्न करण्याइतका आवडतो, पण वाट पाहण्याइतका आवडत नाही, असं ती फॅनीला सांगते. आणि त्याच पत्रात ती घाबरल्यासारखी म्हणते की माझ्या मतावर काही अवलंबून ठेवू नकोस, अशा बाबतीत तुझं मन सांगेल तेच खरं. फॅनीने ते लग्न केलं नाही.

८ ऑगस्ट १८१५ रोजी ऑस्टेनने ही कादंबरी लिहायला घेतली. म्हणजे नऊ महिन्यांपूर्वी ती स्वतः लेडी रसेलच्या खुर्चीत बसली होती. आईवेगळी भाची, अनिश्चित भविष्याचा मुलगा, आणि विश्वासाने विचारलेला प्रश्न. लेडी रसेलला तिने खलनायिका का केलं नाही याचं उत्तर मला या दोन पत्रांत सापडतं. चांगल्या मनाने दिलेल्या सल्ल्याने एखाद्याचं आयुष्य वळतं, आणि ते कुठे वळलं हे सल्ला देणाऱ्याला कित्येक वर्षं कळत नाही, ही धास्ती तिने जवळून अनुभवली होती.

आता ज्या वाक्यावर तुम्ही पुस्तक मिटलंत ते. तेविसावं प्रकरण, बाथमधल्या रस्त्यांवरून आणि संध्याकाळच्या मेजवानीत झालेलं बोलणं. ॲन म्हणते की मी मागचं सगळं तटस्थपणे पारखून पाहिलं, आणि जिला मी आईच्या ठिकाणी मानलं तिचं ऐकलं हे योग्यच केलं असं मला वाटतं. तुम्ही इथे थांबलात. ती थांबत नाही. पुढच्याच वाक्यांत ती म्हणते: याचा अर्थ तिचा सल्ला चुकला नव्हता असं मी म्हणत नाही, काही सल्ले चांगले की वाईट हे पुढे काय घडतं त्यावरच ठरतं, आणि मी स्वतः तशा प्रसंगात असा सल्ला कधीही देणार नाही. ऐकणं बरोबर होतं, सल्ला चूक होता, दोन्ही एकाच वेळी. तिने तेव्हा हट्ट धरला असता तर तिचं मन तिला खात राहिलं असतं, आणि तो त्रास वियोगापेक्षा जड गेला असता, असं ती सांगते. मला या बोलण्यात शरणागती दिसत नाही. आठ वर्षांचं दुःख दुसऱ्याच्या खात्यावर टाकायला ती तयार नाही. निर्णय माझा होता, असं ती म्हणते आहे. सतत इतरांनी गृहीत धरलेल्या मुलीच्या तोंडी हे वाक्य मला फार मोठं वाटतं.

एका जागी मात्र मी ॲनच्या बाजूने पूर्ण उभी राहू शकत नाही. त्याच बोलण्यात ती म्हणते की कर्तव्याची तीव्र जाणीव हा स्त्रीच्या वाट्याला आलेला काही वाईट ऐवज नव्हे. मूळ इंग्रजी ‘पोर्शन’ या शब्दाचा दुसरा अर्थ मुलीला लग्नात मिळणारी रक्कम असाही आहे. ज्या मुलीचा बाप पैशाचा वाटाही धड देऊ शकत नाही, ती कर्तव्यबुद्धी हाच आपला ऐवज म्हणून नवऱ्यापुढे ठेवते. वाक्य सुंदर आहे आणि मला दर वेळी टोचतं. असा ऐवज फक्त मुलींनीच का आणायचा, हे ॲन विचारत नाही.

लेखिकेला मात्र तो प्रश्न पडलेला असावा. लुइझाची बहीण हेन्रिएटा हिला मावसभाऊ चार्ल्स हेटर आवडतो, तेव्हा ॲनची धाकटी बहीण मेरी नाक मुरडते: घरातल्या मोठ्या माणसांना अडचणीचं होईल असं स्थळ निवडण्याचा मुलीला हक्कच काय? तत्त्व तेच, घरच्यांचं ऐका. पण मेरीच्या तोंडी ते निव्वळ प्रतिष्ठेची खाज म्हणून येतं. तिचा नवरा, म्हणजे तोच चार्ल्स मसग्रोव्ह, शांतपणे हिशेब मांडतो की हेटर थोरला मुलगा आहे, विंथ्रॉपची जमीन अडीचशे एकरांहून कमी नाही, शिवाय टाँटनजवळचं शेत. लग्न ठरतं. आज्ञाधारकपणाची भलामण करायची असती तर ऑस्टेनने ते तत्त्व मेरीच्या तोंडी घातलं नसतं.

राहिला तिसरा प्रश्न, आठ वर्षं कुणामुळे गेली. ॲनचं बोलणं ऐकल्यावर वेंटवर्थ म्हणतो की लेडी रसेलला मी अजून माफ केलेलं नाही, पण तिच्यापेक्षा मोठा वैरी मीच माझा नव्हतो ना, असा प्रश्न मला पडलाय. मग तो विचारतो: १८०८ साली मी काही हजार पौंड घेऊन इंग्लंडला आलो, ‘लॅकोनिया’वर पूर्ण कॅप्टन म्हणून नेमला गेलो, तेव्हा तुला पत्र लिहिलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस? ॲनचं उत्तर दोन शब्दांचं आहे, ‘वुड आय!’, म्हणजे ‘दिलं नसतं का!’, आणि त्यात सगळं आलं. आता कादंबरीच्या पहिल्याच पानावर सर वॉल्टर यांच्या त्या पुस्तकात छापलेली ॲनची जन्मतारीख पाहा: ९ ऑगस्ट १७८७. म्हणजे १८०८ च्या ऑगस्टमध्ये ती एकवीस पूर्ण झाली. लेखिका हा हिशेब उघड मांडत नाही, तो मी करते आहे. पैसा आला होता, हुद्दा आला होता, कायदाही मोकळा झाला होता. पत्र तेवढं आलं नाही, कारण माणूस दुखावलेला आणि मानी होता. सहा वर्षं त्या न लिहिलेल्या पत्राची आहेत. तुमचा राग वाटून द्यायचाच असेल तर त्यातला मोठा हिस्सा इकडे द्या. वेंटवर्थनेही तो स्वतःकडे घेतला आहे.

या कादंबरीचा शेवट ऑस्टेनने दोनदा लिहिला. पहिला मसुदा जुलै १८१६ मध्ये झाला होता. त्यात दोघांची दिलजमाई ॲडमिरल क्रॉफ्ट या नौदल अधिकाऱ्याच्या घरी होते. तो तिला पटला नाही. तिने ती प्रकरणं बाजूला ठेवून नवी लिहिली. टाकून दिलेली हस्तलिखित पानं आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. नव्या लेखनात व्हाइट हार्ट या खानावळीतला प्रसंग आला. वेंटवर्थ कोपऱ्यात बसून पत्र लिहितोय, पलीकडे लुइझाची आई मिसेस मसग्रोव्ह आणि ॲडमिरलची बायको मिसेस क्रॉफ्ट गप्पा मारतायत. विषय आहे लांबलेला वाङ्निश्चय. मिसेस क्रॉफ्ट म्हणते की लग्नापुरती सोय कधी होईल याचा पत्ता नसताना बांधून घेणं धोक्याचं आहे, आईबापांनी ते होता होईल तो रोखावं. मिसेस क्रॉफ्ट ही वेंटवर्थची सख्खी बहीण. तिला यातलं काही माहीत नाही. लेडी रसेलचा सल्ला, जवळजवळ तसाच, त्याला आपल्या बहिणीच्या तोंडून ऐकावा लागतो. त्याची लेखणी थांबते, डोकं वर होतं, आणि तो ॲनकडे एकच झटक्याची नजर टाकतो. वाचकांना पुढचं, वेंटवर्थचा मित्र हारव्हिल याच्याशी ॲनचं बोलणं आणि वेंटवर्थने तिला लिहिलेलं ते प्रसिद्ध पत्र लक्षात राहतं. माझ्यासाठी कादंबरी इथे वळते, या थांबलेल्या लेखणीपाशी.

शेवटी घरच्या विरोधाचं काय झालं, तर काहीच झालं नाही. पंचवीस हजारांचा कॅप्टन आता ‘कुणीतरी’ झाला होता, दिसायलाही बरा होता, म्हणून सर वॉल्टर खुशीने त्याचं नाव आपल्या पुस्तकात लिहून घेतात. देण्यासारखं त्यांच्याकडे तेव्हाही फारसं नसतं. लाज वाटते ती ॲनला: वेंटवर्थकडे प्रेमळ बहीण, मेहुणा, मित्र, आपल्याकडून त्याला द्यायला लेडी रसेल आणि गरीब, आजारी मैत्रीण मिसेस स्मिथ अशी दोनच माणसं. लेडी रसेल मात्र आपण वेंटवर्थ आणि मिस्टर एलियट या दोघांनाही चुकीचं ओळखलं हे मान्य करते आणि नव्याने शिकायला बसते. पोक्त वयात स्वतःचं मत असं जाहीरपणे मोडीत काढणारी दुसरी व्यक्ती ऑस्टेनच्या लेखनात मला चटकन आठवत नाही.

पुन्हा वाचायला घ्याल तेव्हा एक करा. आठव्या प्रकरणातलं ‘ॲस्प’चं वादळ वाचा आणि लगेच शेवटचा परिच्छेद वाचा. तिथे ॲनच्या सुखावर एकच सावली आहे, पुन्हा युद्ध पेटण्याची. कथा १८१५ च्या फेब्रुवारीच्या सुमारास येऊन थांबते. १ मार्चला नेपोलियन एल्बा बेटावरून निसटून फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला, जूनमध्ये वॉटर्लूची लढाई झाली. डिसेंबर १८१७ मध्ये, लेखिका जाऊन पाच महिने झाल्यावर, पुस्तक छापून आलं तेव्हा प्रत्येक वाचकाला हे ठाऊक होतं. लेडी रसेलने १८०६ मध्ये ज्या धोक्याकडे बोट दाखवलं होतं तो पंचवीस हजार पौंडांनी टळलेला नाही. सत्तावीस वर्षांची ॲन तो आता कुणालाही न विचारता अंगावर घेते, आणि खलाशाची बायको म्हणवून घेण्यात तिला अभिमान वाटतो.